रस्ता हद्दीपर्यंत न्या : ले-आउट मंजूर करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
वाढत्या शहरांच्या कडेला ले-आउट मंजूर करणारे सर्व नगररचना अधिकारी

विषय : मंजुरीचा शिक्का मारण्याआधी रस्ता शेजारच्या हद्दीला भिडवून घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी आयुष्यभर ले-आउटचे, म्हणजे मोकळ्या जमिनीवर प्लॉट आणि रस्ते पाडण्याचे, नकाशे काढले. आधी ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने, चुकलं की ब्लेडने खरवडून, नंतर संगणकावर, ऑटोकॅडमध्ये. ते नकाशे तुमच्यासारख्यांच्या टेबलावर जायचे, लाल शाईच्या खुणा होऊन परत यायचे आणि दोन-तीन फेऱ्यांत मंजूर व्हायचे. त्या नकाशांत मी एक गोष्ट शेकडो वेळा केली. हे पत्र तिच्याबद्दल आहे. रस्ता हद्दीच्या अलीकडेच संपवायचा आणि टोकाला एक गोल काढायचा, गाडी वळवायला. प्लास्टिकच्या पट्टीत त्या मापाचं भोक होतंच. पेन्सिल फिरवली की झालं.

यात कसला कट नव्हता. जमीनमालक सांगायचा, "रस्ता शेजारच्याच्या बांधाला लावू नका हो, उद्या तो माझ्याच रस्त्यावरून ट्रक आणेल." हिशेबही सरळ होता. हद्दीपर्यंत रस्ता नेला तर एक प्लॉट हातचा जातो. गोल काढला तर त्याच्याभोवती पाचरीच्या आकाराचे चार-पाच प्लॉट बसतात, आणि 'शेवटची गल्ली, वर्दळ नाही' म्हणून तेच आधी विकले जातात. तुमच्याकडच्या छाननीत रस्त्याची रुंदी पाहिली जायची, मोकळ्या जागेची टक्केवारी पाहिली जायची, वळणाची त्रिज्या पाहिली जायची. पलीकडे काय आहे हे मला एकदाही कुणी विचारलं नाही. माझ्या नकाशावर हद्दीच्या रेषेनंतर कोरा कागद असायचा. शेजारच्या जमिनीचा नकाशा दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर, दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या फायलीत असायचा. त्यातही असाच एक गोल.

आणखी एक कबुली देऊन टाकतो. कधी एखादा अधिकारी खमक्या निघायचा आणि म्हणायचा, रस्ता पुढे न्या. मग आम्ही तो न्यायचो, पण हद्दीच्या एक फूट अलीकडेपर्यंत. ती एक फुटाची पट्टी मालकाच्या नावावर राहायची. नकाशाच्या प्रमाणात ती रेघेच्या जाडीत लपून जाते, डोळ्यांना दिसतच नाही. पुढे शेजारच्याला रस्ता जोडायचा झाला की त्या एका फुटासाठी तो दारात येणार, आणि मालक सांगेल ती किंमत मोजणार. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. जगभर या धंद्यात ही युक्ती जुनी आहे. पण हात माझा होता.

असे पंचवीस-तीस नकाशे एकाशेजारी एक ठेवा, वाढतं शहर तयार. प्रत्येक तुकडा नियमात बसणारा, आणि सगळे मिळून झाडासारखी आकृती. एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. एका डहाळीच्या टोकावरून समोरच्या डहाळीवर जायचं तर खोडापर्यंत उतरून पुन्हा चढायचं. खारीला उडी मारता येते, माणसाला मुख्य रस्ता गाठावा लागतो.

निवृत्तीनंतर मी राहतो ती वसाहत मी आखलेली नाही. आखली असती तर अशीच आखली असती, म्हणून तक्रार करायला तोंड नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला सात फुटी भिंत आहे आणि भिंतीमागे शाळा. माझ्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत सरळ रेषेत १६० मीटर भरतात. रस्त्याने २३०० मीटर. सवय जात नाही, म्हणून मोजणीचं चाक फिरवून मोजलेलं आहे. काही वर्षांपूर्वी कुणीतरी भिंतीच्या डाव्या कोपऱ्यातल्या खालच्या विटा काढल्या. भगदाड एवढंच, की आधी दप्तर पलीकडे ढकलायचं, मग आडवं होऊन खांदा घालायचा. एका बाजूच्या विटेची कड इतक्या खांद्यांनी घासून नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली आहे. समितीने ते दोनदा बुजवलं. दुसऱ्या वेळी भिंतीच्या माथ्यावर काचा रोवल्या. आठवड्याभरात भगदाड पुन्हा उघडलं, काचांना हात न लावता, खालूनच. रोज सकाळी एक आजी नातवाला तिथवर सोडायला येते. तो पलीकडे उतरला की भगदाडातून हात बाहेर काढून हलवतो. भिंतीतून नुसता हात. मग ती परत फिरते.

मोठ्यांना असं वाकून जाता येत नाही. ते गाडी काढतात. १६० मीटरवरच्या फाटकासाठी पावणेआठ वाजता आमच्या सगळ्या गल्ल्यांमधून गाड्या निघतात, एकाच तोंडातून मुख्य रस्त्यावर येतात, पहिल्या सिग्नलला उलटं वळण घेतात आणि शाळेच्या रस्त्यात शिरतात. त्याच वेळी तोच मुख्य रस्ता वीस किलोमीटरवर कामाला निघालेल्यांचाही असतो. लांबचा प्रवास आणि कोपऱ्यापर्यंतचा प्रवास एकाच रस्त्यावर कोंबल्यावर तो तुंबणारच. मग रुंदीकरणाची मागणी होते, झाडं जातात, एक मार्गिका वाढते, दोन वर्षांत ती भरते. तुमच्या खात्याचा वाहतूक विभाग तिथे पुन्हा गाड्या मोजायला येतो. भिंत मोजायला कोणी येत नाही.

यासाठी फार मोठं गणित लागत नाही. रस्त्याचं अंतर भागिले सरळ रेषेतलं अंतर, एवढाच भागाकार. बारीक काटकोनी चौकटीत रस्ते आखले तर हा आकडा वाईटात वाईट १.४१ येतो आणि सगळ्या दिशांची सरासरी काढली तर सुमारे १.२७. आमच्या गल्लीचा आकडा १४ च्या वर जातो. दुसरी चाचणी त्याहून सोपी. नकाशावरचे रस्त्यांचे तुकडे, म्हणजे एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत किंवा बंद टोकापर्यंतचे भाग, मोजा, मग चौक आणि बंद टोकं मिळून ठिपके मोजा, आणि तुकड्यांना ठिपक्यांनी भागा. झाडाच्या आकाराच्या नकाशात तुकडे नेहमी ठिपक्यांपेक्षा एकने कमी असतात, त्यामुळे उत्तर कधीच १ च्या वर जात नाही. पूर्ण चौकटीत ते २ च्या जवळ पोचतं. अमेरिकेतल्या काही शहरांनी नव्या ले-आउटसाठी किमान १.४ असा नियम केला आहे. छाननीच्या तक्त्यात ही एक ओळ घालायला आणि तपासायला पंधरा मिनिटं पुरतात.

बंद गल्लीची कल्पना मुळात वाईट माणसांनी काढलेली नाही. लंडनजवळच्या हॅम्पस्टेड गार्डन सबर्बमध्ये रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर या वास्तुरचनाकारांना अरुंद, शांत गल्ल्या हव्या होत्या. तेव्हाच्या स्थानिक नियमांत त्या बसत नव्हत्या, म्हणून १९०६ साली ब्रिटिश संसदेने त्या वसाहतीपुरता वेगळा कायदा केला. रस्त्यावर कमी खर्च, बागेला जास्त जागा, हा विचार होता. पुढे १९२९ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रॅडबर्न इथे क्लॅरन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी मोटारींपासून मुलं सुरक्षित राहावीत म्हणून घरं बंद गल्ल्यांभोवती मांडली. पण त्या घरांच्या दुसऱ्या बाजूला त्यांनी पायवाटांचं सलग जाळं दिलं होतं. मोठा रस्ता ओलांडायला खालून भुयारी वाटही होती. गाडीला बंद, पायाला खुलं, अशी ती जोडगोळी होती. मंदी आली आणि रॅडबर्न अर्धवट राहिलं. पण नकला निघाल्याच, आणि नक्कल करणाऱ्यांनी बंद गल्ली तेवढी उचलली, पायवाट गाळली. १९३० च्या दशकात तिथल्या गृहकर्जांना विमा देणाऱ्या सरकारी यंत्रणेने काटकोनी चौकट नको, वळणदार रस्ते आणि बंद गल्ल्या घ्या, अशी शिफारस केली. कर्ज त्या विम्यावर अवलंबून, त्यामुळे शिफारस म्हणजे हुकूमच. त्या आराखड्यांच्या छायाप्रतींच्या छायाप्रती फिरत फिरत माझ्या ड्रॉइंग बोर्डापर्यंत आल्या असणार. वर्तुळाचं भोक असलेली ती प्लास्टिकची पट्टी पाहिली की मला आता रॅडबर्नच आठवतं.

हे कुठल्या एका देशाचं दुखणं राहिलेलं नाही. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोन अभ्यासकांनी ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या असलेल्या इंटरनेटवरच्या नकाशावरून सगळ्या जगाचे रस्ते तपासले आणि २०२० मध्ये निष्कर्ष मांडले : १९७५ पासून जगात नव्याने झालेले रस्ते सरासरीने अधिकाधिक तुटक होत गेले आहेत. अमेरिकेबद्दल याच दोघांनी आधी दाखवलं होतं, की तिथे १९९० च्या दशकाच्या मध्यापासून हा कल उलटा फिरला. ज्यांनी हा आजार जगाला दिला ते बरे होऊ लागले, आणि आपण सगळे नव्या उत्साहाने आजारी पडतो आहोत.

तुम्ही म्हणाल, आत्ता लोकांना घरं हवीत, रस्ते पुढे जोडून घेऊ. माझा सगळा आक्षेप या 'पुढे'ला आहे. इमारत पाडता येते, नाला वळवता येतो, पाण्याची वाहिनी बदलता येते. रस्त्याची रेघ मात्र हलत नाही. १६६६ च्या सप्टेंबरात लंडन जळून खाक झालं. काही दिवसांतच वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर रेनने रुंद, सरळ रस्त्यांचा आराखडा राजापुढे ठेवला. तो बाजूला राहिला आणि शहर बहुतांशी जुन्याच रस्त्यांवर पुन्हा उभं राहिलं. काही रस्ते रुंद झाले इतकंच. घरं जळाली होती, मालकी जळाली नव्हती. लिस्बनने १७५५ च्या भूकंपानंतर मधला भाग नव्याने आखला हे खरं, पण तिथे पोंबालसारखा मंत्री होता आणि त्याच्या हातात होती तितकी सत्ता तुमच्या-माझ्या शहरात कुणाच्या हाती असू नये असंच मी म्हणेन. आपल्याला भूकंपाची वाट पाहायची नाही. जमीन उघडी असते तेव्हाच, एकदाच, रेघ मारायची संधी मिळते, आणि ती रेघ तुमच्या सहीने पक्की होते.

स्पेनमधल्या बार्सिलोनात इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने ही संधी ओळखली होती. जुन्या शहराच्या तटाबाहेरच्या मोकळ्या जमिनीसाठी त्याचा आराखडा १८५९ मध्ये मंजूर झाला. ११३ मीटरचे चौकोन, २० मीटरचे रस्ते, चौकात वळायला सोपं जावं म्हणून कोपरे छाटलेले. चौकोनांच्या आत जे व्हायचं ठरलं होतं ते बरंचसं झालं नाही. बागांच्या जागी इमारती आल्या, मजले चढले. पण रस्ते राहिले. मोटार जन्मालाही आली नव्हती तेव्हा आखलेल्या त्या रस्त्यांवर नंतर ट्राम धावली, बस धावली, मोटारी आल्या, आणि आता काही चौकांतून मोटारी हटवून माणसांना बसायला जागा करताहेत. आत काय होणार हे सेर्दाला कळलं नव्हतं, आणि कळायची गरजही नव्हती.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो माझाही होता. जोडलेले रस्ते म्हणजे सरळ रस्ते नव्हेत. जुन्या वस्त्यांतले बोळ सापासारखे वाकडे असतात, पण एकात दुसरा मिसळलेला असतो. पाहुणा चुकतो, पण अडकत नाही. उलट सरळसोट रस्त्यांची मोठी चौकट काढली आणि प्रत्येक चौकोनाच्या आत भिंती उभ्या राहू दिल्या, की नकाशा आकाशातून छान दिसतो आणि पायी चालणाऱ्याच्या नशिबी तोच वळसा येतो. शहरांच्या विस्ताराचे अभ्यासक श्लोमो एंजल यांची सूचना मला व्यवहारी वाटते : शहर जिथे पसरणार आहे त्या सगळ्या जमिनीवर आधीच, साधारण १ किलोमीटर अंतराने, ३० मीटर रुंदीच्या मुख्य रस्त्यांची जागा राखून ठेवा. बांधणं नंतर होईल, जागा आत्ता. पण हे झालं खोड. डहाळ्या एकमेकींना भेटतात की नाही, हे तुमच्या टेबलावरच ठरतं. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेचं प्रमाण दर चौरस किलोमीटरला किमान १८ किलोमीटर रस्ते असं आहे. तुमच्या हद्दीतला शेवटचा मंजूर झालेला टापू घ्या आणि मोजून पाहा.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. गेट असलं की मुलं खेळतात, चोर येत नाहीत, भरधाव गाड्या घुसत नाहीत. मी याला हसणार नाही. माझ्याही नातवंडांना त्या गल्लीत खेळताना पाहून बरं वाटतं. पण भीती गाडीची आहे आणि भिंत आपण माणसाला घातली आहे. जर्मनीत फ्रायबुर्ग शहराचा फाउबान हा भाग किंवा नेदरलँड्समधलं हाउटेन पाहा. तिथे मोटारीला आरपार जाता येत नाही. पायी आणि सायकलवर मात्र कुठूनही कुठेही निघता येतं. दोन वसाहतींमध्ये तीन मीटरची वाट आणि तिच्या तोंडाशी तीन खांब. मूल जातं, सायकल जाते, व्हीलचेअर जाते, मोटार जात नाही. खरं तर रॅडबर्नच हे, फक्त गाळलेला भाग परत घातलेला. अपघातांचंही तेच. कॅलिफोर्नियातल्या २४ शहरांच्या अभ्यासात जिथे चौक दाट होते तिथे जीवघेणे अपघात कमी आढळले. सगळी वाहतूक एका रुंद रस्त्यावर वेगाने पळवण्यापेक्षा ती अनेक लहान रस्त्यांवर हळूहळू वाटली गेलेली बरी.

पाण्याच्या वाहिन्या, कचऱ्याची गाडी, अग्निशमन यांबद्दल तुमच्याच शेजारच्या टेबलावर विचारा. बंद टोकाच्या वाहिनीत पाणी साचून राहतं, ती अधूनमधून धुवावी लागते, आणि मध्ये फुटली तर पुढची सगळी घरं कोरडी. वाहिनीचं कडं पूर्ण असेल तर पाणी दुसऱ्या बाजूने फिरून येतं. कचऱ्याची गाडी आमच्या गल्लीतून उलटी बाहेर येते, मागे एक माणूस हात दाखवत पळत. अमेरिकेतल्या शार्लट शहराच्या अग्निशमन दलाने तपासून पाहिलं, तेव्हा जोडलेल्या रस्त्यांच्या भागातलं एक केंद्र कितीतरी जास्त घरांना पुरतं असं निघालं.

मग करायचं काय? शेजारच्या जमिनीवरचे रस्ते न दाखवता आलेला नकाशा दाखल करून घेऊ नका. चारही बाजूंना निदान अर्धा किलोमीटर काय आहे, काय मंजूर आहे, ते त्याच कागदावर दिसलं पाहिजे. माझ्यासारख्या ड्राफ्ट्समनला यात एक दिवस जास्त लागेल, लागू द्या. रस्ता हद्दीच्या रेषेपर्यंत म्हणजे रेषेपर्यंतच. एक फुटाच्या पट्टीसाठी भिंग घेऊन बसा, आणि रस्ता टोकापर्यंत सार्वजनिक मालकीत आल्याशिवाय बांधकामाची परवानगी देऊ नका. त्या टोकाला पहिल्या दिवसापासून पाटी लावा, 'हा रस्ता पुढे जाणार आहे'. ही पाटी क्षुल्लक वाटेल, पण ती नसेल तर दहा वर्षांनी त्या टोकाला राहणारे लोक आंदोलन करतील, आणि त्यांचं चूक म्हणता येणार नाही. त्यांना घर विकताना बंद गल्ली म्हणूनच विकलं होतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने २००९ मध्ये यापुढची पायरी गाठली होती : वसाहतीतले रस्ते शेजाऱ्यांना जोडलेले नसतील तर राज्य त्यांची देखभाल स्वतःकडे घेणार नाही. नंतर तो नियम सैल करण्यात आला. म्हणजे तो झोंबला होता.

रस्त्यासाठी एकाच मालकाची जमीन जाते ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तिच्यावर शंभर वर्षांपूर्वीचं उत्तर आहे. फ्रँकफर्टमध्ये १९०२ च्या कायद्याने सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते-मोकळी जागा काढून, उरलेली प्रत्येकाला त्याच्या वाट्याप्रमाणे नीट आकारात परत दिली. जपानने हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. मुंबई इलाख्यात १९१५ च्या कायद्याने याच धर्तीच्या नगररचना योजना आल्या, आणि अहमदाबादच्या आसपास त्या आजही राबवल्या जातात. सगळ्यांची थोडी थोडी जाते, तेव्हा एक फुटाची पट्टी राखण्यात कुणाला रस उरत नाही.

माझ्याकडे जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या अजून आहेत. गेल्या महिन्यात मी त्या उलगडल्या आणि एकेका गोलापाशी जाऊन पाहून आलो. बहुतेकांच्या मागे आता इमारती आहेत, तिथे काही होणे नाही. अकरा ठिकाणी मात्र पलीकडे अजून मोकळी जमीन आहे किंवा नुसती भिंत आहे. ती अकरा ठिकाणं मी लाल पेन्सिलने दाखवली आहेत, कुठे नऊ मीटरचा रस्ता जाईल आणि कुठे फक्त तीन मीटरची पायवाट, तेही लिहिलं आहे. आमच्या गल्लीची भिंत बारावी. नकाशे घेऊन कुठल्या वारी आणि कुठल्या टेबलापाशी यायचं, तेवढं कळवावं.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन